उसाचं पाचट जाळत नाही, तरी मातीतला सेंद्रिय कर्ब वाढेना. जिवाणू कर्ब खातात की साठवतात?

नदीकाठ_शिरोळ

नमस्कार मंडळी. शिरोळ तालुक्यात पंचगंगेच्या काठाला आमचं अडीच एकर मळीचं रान आहे. काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी जमीन. को ८६०३२ या उसाची आडसाली (दीड वर्षाची) लागण, तोडल्यावर त्याच बुडख्यांचा खोडवा, जमलं तर परत फुटलेला निडवा, असा आमचा फेरा. वडिलांच्या वेळी तोडणीची टोळी रानातून बाहेर पडली की त्याच रात्री पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटायचं. रान माझ्याकडं आल्यापासून मी काडी लावलेली नाही. बुडखे छाटतो, पाचट सरीत दाबतो, पाणी देतो. तण कमी झालं, पाण्याची पाळी लांबली, गांडुळं दिसायला लागली. इथवर सगळं चांगलं.

आता दुखणं सांगतो. मृदा आरोग्य पत्रिकेत, म्हणजे माती तपासणीच्या कागदावर, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्या-मुळ्यांतून मातीत राहिलेला कार्बन) आधी ०.५५ टक्के होता, काही हंगाम पाचट दाबून यंदा ०.५७. एवढं पाचट गेलं कुठं? शेजारचे अण्णा म्हणतात, "तू जिवाणूंची पैदास केलीस. ते कर्ब खाणार आणि हवेत सोडणार. खाणारी तोंडं वाढवल्यावर शिल्लक काय राहणार?" मला उत्तर सुचलं नाही. दुसरीकडं तालुक्याच्या दुकानात 'कर्ब वाढवणारे जिवाणू' म्हणून बाटली मिळते, एकरी एक लिटर सोडा म्हणतात. एक जण सांगतोय जिवाणू कर्ब संपवतात, दुसरा सांगतोय तेच वाढवतात. दोघांतलं खरं कोण?

पाचट मी दाबतच राहणार आहे, ते सोडा म्हणून कुणी सांगू नका. फक्त आकडा का हलत नाही ते कळू दे.

गुळाची_ढेप

भावा, जीवामृत सोड. दोनशे लिटर पाण्यात देशी गाईचं शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, बांधावरची मूठभर माती. महिन्यातून एकदा पाटाच्या पाण्यातनं. कर्ब दोनच्या पुढं गेला नाही तर मला विचार. आपला कोल्हापुरी गूळ हाय, जिवाणू नाद खुळा वाढतात.

जुना_ब्युरेट

अण्णांचं निम्मं बरोबर आहे, त्यामुळं त्यांच्याशी भांडू नका.

आधी तो ०.५७ बघू, कारण माझी सगळी नोकरी त्या आकड्यामागं गेली. कोल्हापुरात माती तपासणीच्या प्रयोगशाळेत होतो, आता निवृत्त. सेंद्रिय कर्ब काढायची आपल्याकडची रीत १९३४ सालची, वॉकली आणि ब्लॅक या दोघांची. एक ग्रॅम माती, त्यात पोटॅशियम डायक्रोमेट, वर तीव्र गंधकाम्ल. अर्धा तास तसंच ठेवायचं, पाणी घालायचं, आणि ब्युरेटमधून, म्हणजे रेघा आखलेल्या काचेच्या नळीतून, फेरस अमोनियम सल्फेट थेंबथेंब सोडत जांभळ्याचा हिरवा व्हायची वाट बघायची. नेहमीच्या अर्ध्या नॉर्मल तीव्रतेच्या द्रावणाला ब्युरेटवरची एक बारीक रेघ, म्हणजे ०.१ मिली, इकडंतिकडं झाली की उत्तर ०.०२ टक्क्यांनी बदलतं. तुमची सगळी वाढ त्या एका रेघेत मावते. दुपारी जेवण करून आलेल्या माणसाच्या डोळ्याला हिरवा जरा उशिरा दिसला तरी एवढा फरक पडतो. तेव्हा ०.५५ आणि ०.५७ हा एकच आकडा धरा.

त्यात आणखी एक गोम आहे. या तपासणीसाठी माती अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात आणि त्याआधी मुळ्या, काड्या वेचून टाकतात. तुमच्या सरीत अर्धवट कुजलेलं जे पाचट आहे ते आमच्या टेबलावर येतच नाही.

आता वजनाचा हिशेब करा, म्हणजे निराशा जरा कमी होईल. एक एकरातली वरची १५ सेंटिमीटर माती साधारण ८०० टन भरते. कर्ब ०.१ टक्क्यानं वाढवायचा तर त्यात ८०० किलो कर्ब टिकून राहायला पाहिजे. नुसता घालून भागत नाही, टिकायला पाहिजे. एकरी पाचट निघतं तीन ते चार टन. त्यात कर्ब चाळीस टक्क्यांच्या आत-बाहेर, म्हणजे सव्वा ते दीड टन. वर्ष-दोन वर्षांनी त्यातला दहा ते वीस टक्के मातीत राहिला तरी आपल्या उष्ण हवेत बरं चाललंय म्हणायचं. दीडशे ते तीनशे किलो. पत्रिकेवर तो ०.०२ ते ०.०४ दिसणार, आणि तेवढ्याच काळात जुना कर्बही थोडा झिजत असतो. कर्ब दोनच्या पुढं नेण्याचा दावा करणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करून बघावा. ढेपवाले दादा, राग मानू नका. तुमच्या दोनशे लिटरमध्ये दहा किलो शेण, त्यातलं ऐंशी टक्के पाणी. दोन किलो गूळ, दोन किलो बेसन धरलं तरी सगळं मिळून कर्ब जेमतेम तीन किलो. पाहिजेत आठशे. जीवामृताचे दुसरे काही फायदे असतील तर ते तुम्ही सांगा, कर्बाच्या खात्यात मात्र ते जमा होत नाही.

मग बाकीचा हजार-बाराशे किलो कर्ब गेला कुठं? इथं अण्णा बरोबर आहेत. जिवाणू आणि बुरशी पाचट खातात आणि त्यातला मोठा भाग कार्बन डायऑक्साइड म्हणून सोडतात. पण जनावराला टाकलेली वैरण जशी थोडी अंगाला लागते, तसं इथंही होतं. शंभर किलो कर्ब खाल्ला तर तीसेक किलो त्यांच्या शरीरात जातो, बरी परिस्थिती असेल तर जास्त, वाईट असेल तर पुष्कळ कमी. अण्णांनी सोडून दिलंय ते यापुढचं. जिवाणू फार जगत नाहीत. मरतात, फुटतात, आणि त्यांच्या पेशींच्या भिंती, चिकट स्राव, प्रथिनं मातीच्या बारीक कणांना चिकटतात. एकदा चिकणमातीच्या पापुद्र्यांत अडकली की दुसऱ्या जिवाणूला ती सहज सापडत नाहीत. जिवंत जिवाणूंमधला कर्ब एकूण सेंद्रिय कर्बाच्या शेकडा पाचाच्या आतच असतो, पण मेलेल्यांचे अवशेष शेतजमिनीच्या वरच्या थरात निम्म्याच्या आसपास भरतात. माझ्या शिकायच्या काळात आम्हाला सांगायचे की पाचटातला न कुजणारा कठीण भाग मागं राहतो आणि त्याचा ह्यूमस, म्हणजे मातीतला काळा टिकाऊ सेंद्रिय भाग, होतो. आता चित्र उलटं झालंय. टिकणारा बराचसा कर्ब आधी कुणाच्या तरी पोटातून गेलेला असतो. खाणारी तोंडं नसती तर साठाही झाला नसता. २०२३ साली 'नेचर' या नियतकालिकात एक जगभरच्या मातीचा अभ्यास आला. त्यात जमिनीत किती कर्ब साठतो हे ठरवण्यात हे अंगाला लागण्याचं प्रमाण बाकीच्या गोष्टींपेक्षा, किती काडीकचरा घातला त्यापेक्षाही, निदान चौपट महत्त्वाचं निघालं.

तेव्हा प्रश्न असा विचारा: माझ्या सरीतल्या जिवाणूंच्या अंगाला पाचट लागतंय का?

बहुतेक नीट लागत नाही, आणि त्याचं कारण नत्र, म्हणजे नायट्रोजन. जिवाणूच्या शरीरात आठ भाग कर्बाला एक भाग नत्र लागतो. तुमच्या पाचटात ऐंशी-नव्वद भागांना एक. नत्र मिळाला नाही की जिवाणू कर्ब नुसता जाळत बसतात, शरीर बनवायला सामानच नसतं. त्याहून वाईट म्हणजे नत्रासाठी ते जुना ह्यूमस उकरायला लागतात. नवीन खाद्य पडल्यावर जुना साठा खरवडला जातो, हे १९२६ सालीच लोनिस नावाच्या शास्त्रज्ञानं दाखवलं होतं. म्हणजे नत्राशिवाय पाचट दाबलं तर एका हातानं भरणा आणि दुसऱ्या हातानं उचल, असं होऊ शकतं. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक, ही शिफारस तुम्ही ऐकली असणार. लोकांना वाटतं युरिया लवकर कुजायला टाकायचा. माझ्या मते लवकर-उशिरा महत्त्वाचं नाही, कुजताना पदरात किती पडतंय ते महत्त्वाचं. सुपर फॉस्फेटचं पण तसंच. त्यातून स्फुरदाबरोबर (फॉस्फरस) गंधक जातं. एक टन कर्ब ह्यूमसच्या रूपात बांधायचा तर ८० किलो नत्र, २० किलो स्फुरद आणि १४ किलो गंधक त्यात अडकून पडतं, असा ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा हिशेब आहे. ह्यूमस फुकट होत नाही. तुम्ही युरिया, सुपर टाकता का ते लिहिलं नाहीत.

बाटलीबद्दल थोडक्यात. चमचाभर मातीत अब्जावधी जिवाणू आधीच आहेत. त्यांना खायला आणि राहायला काय मिळतं त्यावर सगळं ठरतं. लिटरभर पाहुण्यांनी गाव बदलत नाही.

नदीकाठ_शिरोळ

काका, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. युरिया खोडव्याला देतो, पण पाचटावर वेगळा नाही. बगला फोडल्यावर, म्हणजे सरीच्या बाजू नांगरानं मोकळ्या केल्यावर, उसाच्या बुडात देतो. सुपर तर लागणीलाच. आणि एक विचारायचं राहिलं. निडवा मोडल्यावर मी नांगरट करून दोनदा रोटर (रोटाव्हेटर) मारतो, माती अगदी रव्यासारखी करतो. त्याचा कर्बाशी काही संबंध?

जुना_ब्युरेट

आहे, आणि मोठा आहे. मातीचे छोटे रवे, म्हणजे कण एकत्र चिकटून झालेले बारीक गोळे, असतात. बुरशीचे धागे आणि जिवाणूंचा चिकटा त्यांना बांधून ठेवतो. रव्याच्या आत हवा कमी, वाट अरुंद, त्यामुळं आत अडकलेला कर्ब सुरक्षित. रोटरची पाती ते रवे फोडतात, आतला माल उघडा पडतो, वर हवा खेळते, ऊन लागतं, आणि काही दिवस जिवाणूंची चंगळ होते. रोटर मारलेल्या रानात पुढचं पीक तरारून येतं ते काही अंशी त्यामुळंच, कारण जुना ह्यूमस मोडून त्यातला नत्र सुटा झालेला असतो. लोकांना वाटतं रोटर मानवला.

आपल्या कोल्हापूरचे शेतकरी प्रताप चिपळूणकर विनानांगरणीबद्दल आणि पिकाची खोडं-मुळं जमिनीतच कुजू देण्याबद्दल किती वर्षं लिहितायत. मी नोकरीत होतो तेव्हा आमच्यातले काही जण त्यावर हसायचे. मुळांचं म्हणणं आता जगभर मान्य आहे. मुळांतून आलेला कर्ब वरून टाकलेल्या पाल्यापेक्षा जास्त टिकतो, कारण तो जन्मापासूनच मातीच्या कणांना लागून असतो आणि जिवंत मूळ रोज थोडा रस पाझरत राहतं. म्हणून निडवा मोडताना बुडखे उपटून बांधावर ढीग घालत असाल तर ते बंद करा. एक दुरुस्ती मात्र माझी: नांगर बंद केला की एकूण कर्ब हमखास वाढतो असं मी म्हणणार नाही. पुष्कळदा तो वरच्या थरात वाढतो आणि खालच्या थरात घटतो, आणि पत्रिका फक्त वरचा थर बघते.

सुपर लागणीला देताय ते ठीक, पाचटावर टनाला दहा किलोचं वर सांगितलंच, पण भरमसाट नको. स्फुरद भरपूर असलं की ऊस मुळांवरच्या मायकोरायझा बुरशीला पोसत नाही. रवे बांधणारे लांब धागे तिचेच.

तुमचं रान शिरोळचं, म्हणून सामू (pH, माती आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा) आणि क्षार किती ते पण कळवा.

नदीकाठ_शिरोळ

सामू ८.६. क्षारता पत्रिकेत 'मध्यम' लिहिलीय. नदीच्या अंगाला एक पट्टा पांढरट पडतो. २०१९ च्या पुरात आणि परत २०२१ ला पाणी बरेच दिवस तुंबलं होतं, तिथंच.

जुना_ब्युरेट

मग त्या पट्ट्याचा नमुना वेगळा काढा, बाकीच्या रानात मिसळू नका. काळ्या मातीत कर्ब धरून ठेवण्यात कॅल्शियमचा हात असतो. चिकणमातीचा कण आणि मेलेल्या जिवाणूचा अवशेष या दोघांना तो जोडतो. सोडियम वाढला की कॅल्शियमची जागा घेतो, आणि सोडियमला ही जोडाजोडी जमत नाही. रवे विरघळतात, पाणी मुरत नाही, सुटा झालेला ह्यूमस पाण्याबरोबर निघून जातो. अल्कधर्मी रानात डबक्याचं पाणी तपकिरी-काळं दिसतं ते हेच. अशा पट्ट्यात पाचट किती दाबलं तरी आधी निचरा पाहिजे. जमिनीखालच्या सच्छिद्र पाईपचं काम तुमच्या तालुक्यात बऱ्याच ठिकाणी झालंय, बघून या. चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेली जमीन, निघाली तर जिप्समचं विचारा.

आणि क्षारपड मातीत क्लोराईड असेल तर तेही डायक्रोमेट खातं. सिल्व्हर सल्फेट न घालता तपासलं तर कर्ब आहे त्याहून जास्त दिसतो. त्या पांढऱ्या पट्ट्याचा आकडा चांगला आला तर लगेच पेढे वाटू नका.

खाचरातली_ताई

काका, मी गगनबावड्याची. आमची तांबडी जमीन, भात, नंतर जमलं तर नाचणी. माझ्या पत्रिकेत कर्ब १.३ आहे, 'अत्यंत जास्त' असा शेरा. सामू ५.४. वर तुम्ही कर्बाचं एवढं कौतुक केलंत, मग आमचं भात शिरोळच्या उसासारखं का फोफावत नाही? कर्ब एवढा, आणि युरियाशिवाय पान हिरवं राहत नाही.

जुना_ब्युरेट

ताई, हा प्रश्न या धाग्यावरचा सगळ्यात चांगला आहे, शिरोळकरांनी वाईट वाटून घेऊ नये.

तुमच्या जांभ्याच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं भरपूर. मेलेल्या जिवाणूंचे अवशेष ती इतकी घट्ट धरतात की दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. त्यात जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस तुमच्याकडं. खाचरात पाणी तुंबलं की ऑक्सिजन संपतो, कुजणं मंदावतं. आम्लतेमुळं बरेच जिवाणू हात आखडतात. म्हणून कर्ब साठतो. पण पिकाला नत्र मिळतो तो साठा मोडल्यावर, आणि तुमच्याकडं तो मोडतच नाही. वर स्फुरदही त्याच लोह-ॲल्युमिनियमनं धरून ठेवलेलं. कुलूप लावलेला कर्ब हवामानाच्या दृष्टीनं उत्तम, भाताला त्याचा तेवढा उपयोग नाही. शेतकऱ्याला कर्ब जमायलाही हवा आणि थोडा थोडा फिरतही राहायला हवा. या दोन्हींत ओढाताण आहे आणि ती कुठल्याही शेऱ्यात उमटत नाही. 'अत्यंत जास्त' हा शेरा लिहिताना मला नेहमी खटकायचं, कारण शिरोळची काळी आणि गगनबावड्याची तांबडी एकाच पट्टीनं मोजायची.

तुम्ही चुनखडी किंवा डोलोमाइटची मात्रा विचारून घ्या, भातापाठोपाठ ओलीवर एखादं कडधान्य बघा. सामू सहाच्या आसपास आला की जिवाणू हलायला लागतील. कर्ब थोडा उतरला तर घाबरू नका.

करवीर_बागायत

आमच्या गावात कार्बन क्रेडिटवाले येऊन गेले. पाचट जाळू नका, एकरी पैसे देतो म्हणतात. वरचा हिशेब वाचून शंका आली. ०.०२ मोजता येत नाही तर पैसे कशाचे देणार?

जुना_ब्युरेट

एका रानाचं मोजता येत नाही. पुष्कळ रानांचे पुष्कळ नमुने, ३० सेंटिमीटर खोलीपर्यंत, घनतेसह आणि काही वर्षांच्या अंतरानं घेतले तर सरासरी काढता येते. म्हणून त्यांना विचारा: खोली किती, मातीची घनता मोजणार का, की नुसत्या टक्क्यांवर चालवणार? घनतेशिवाय टक्के म्हणजे मापाशिवाय भाव. रान किती वर्षांसाठी बांधून घेताय आणि मधे कुणी पाचट पेटवलं तर पैसे परत मागणार का, हेही कागदावर बघा.

साठा खरोखरच टिकू शकतो, यात शंका नको. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला एका रानात १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षं शेणखत घातलं आणि थांबवलं. शंभर वर्षांहून जास्त काळ लोटला तरी शेजारच्या कधीच शेणखत न मिळालेल्या तुकड्यापेक्षा तिथं कर्ब जास्त आहे. पण ती थंड हवा, आणि एकरी रतीब किती होता विचाराल तर दरवर्षी चौदा टन शेणखत. आपल्याकडं तेवढी जनावरं कुठल्या गोठ्यात राहिलीत?

गुळाची_ढेप

काका, तीन किलोचा हिशेब घरी सांगितला, बायको हसली. जीवामृत मी सोडणार नाही, पण पाचटावर यंदा युरिया टाकून बघतो.

नदीकाठ_शिरोळ

शेवटचं विचारतो. पुढचा नमुना कधी आणि कसा काढू, म्हणजे आकड्याला काही अर्थ राहील?

जुना_ब्युरेट

खोडव्याची तोड झाल्यावर, खत टाकायच्या आणि पाचट दाबायच्या आधी, दर वेळी त्याच महिन्यात. सरीतला नमुना वेगळा, बोधावरचा (दोन सऱ्यांमधल्या वरंब्यावरचा) वेगळा. दोन्हींत फरक दिसला तर पाचटाचा परिणाम तुम्हाला दरवर्षीच्या चढउतारापेक्षा स्पष्ट कळेल. वरचा पालापाचोळा हातानं बाजूला करा, इंग्रजी व्हीसारखा खड्डा घ्या, कडेची एकसारखी चकती काढा. आठ-दहा जागांची माती एकत्र करून चार भाग करत करत अर्ध्या किलोवर आणा आणि सावलीत वाळवा. पांढऱ्या पट्ट्याची पिशवी स्वतंत्र. जागा बांधापासून पावलं मोजून वहीत लिहा, नाहीतर पुढच्या वेळी 'इथंच कुठंतरी' होतं. मोजायला दर हंगामाला नको, तीन-चार वर्षांनी पुरे, आणि जमलं तर त्याच प्रयोगशाळेत. पिशवीतल्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहा. पेनाची शाई ओल्या मातीनं पसरते, मग टेबलावरचा माणूस अंदाजानं नाव वाचतो.